पर्जन्यछायेत बुडालेली मोटार

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. कारण हा किस्सा मी नाही सांगितला तर माझी बायको सांगते, आणि तिच्या तोंडून तो फार लांबतो. शिवाय ती त्यात माझी नक्कल करते. तेव्हा माझा मूर्खपणा माझ्याच तोंडून ऐका, निदान उच्चार तरी शुद्ध मिळतील.

तुम्ही म्हणाल, मूर्खपणा कोण करत नाही? करतात की. पण लोक चुकीचं बोलून तोंडावर पडतात, मी बरोबर बोलून पडलो. शब्दन् शब्द खरा ठरला माझा. ते उत्तर आजही कुठल्या पेपरात लिहिलंत तर पैकीच्या पैकी गुण मिळतील. आणि त्याच उत्तरापायी माझ्या सासऱ्यांची नवी कोरी मोटार भीमा नदीत बुडाली. पाणी उपसायची मोटार हो, चारचाकी नाही.

मी मूळचा खुटबावचा. नोकरी शिरूरला एका हायस्कुलात, भूगोलाचा शिक्षक. आता भूगोलाचा शिक्षक म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला ठाऊक नसेल. गणिताच्या सरांना पोरं घाबरतात, इंग्रजीच्या सरांना पालक घाबरतात. भूगोलाच्या सरांनी नकाशा टांगायला एक खिळा मागितला तर शिपाई म्हणतो, उद्या बघू. तो उद्या मी अजून बघतोय.

फक्त एका ठिकाणी माझ्या भूगोलाला किंमत होती, ते म्हणजे माझी सासुरवाडी. मांडवगण फराटा. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा मोजकं बोलणारे. शेतात चार तास शेजारी राबलात तर दोन वाक्यं ऐकायला मिळतील, आणि त्यातलं एक बैलाला असेल. पण मी बोलायला लागलो की हातातलं काम ठेवून ऐकायचे. मधेच मान हलवायचे. वर्गात साठ पोरांतलं एक मान हलवत नाही, हलवलीच तर डुलकी लागलेली असते. मग मला सासुरवाडी का आवडू नये?

गोष्ट झाली त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. धोंड्याचा महिना. म्हणजे जावयाची चैन. लग्नानंतरचा माझा पहिलाच धोंडा. शनिवारी दुपारी शाळा सुटली तशी मी बायकोला, सुमनला, घेऊन मांडवगणची एसटी धरली. रविवारी सकाळी सासूबाईंनी पाटावर बसवलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढले. टॉवेल, टोपी, नवी पँट, सगळं झालं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू मानतात. आता विष्णूसारखं गप पडून राहावं की नाही? विष्णूला भूगोल येत नाही हे त्याचं नशीब.

तर मी तुपाळलेल्या पोटानं ओसरीवर टेकलोय, तेवढ्यात अंगणात सात-आठ माणसं आली. दोघांच्या खांद्यावर लांब वासा, एकाच्या हातात जाडजूड दोर, आणि सगळ्यांत पुढं बबनआप्पा. बबनआप्पा म्हणजे मामांचे बांधाशेजारी. दोघांचीही रानं नदीकाठाला. मामा कमी बोलतात ती सगळी कसर आप्पा भरून काढतात, पण त्या दिवशी मला मान देऊन तेही जरा गप होते.

मी विचारलं, काय विशेष?

तर म्हणाले, मोटारी काढायच्यात.

हे तुम्हाला सांगायला पाहिजे. काठावरच्या सगळ्यांच्या मोटारी नदीत अगदी पाण्याजवळ, छोट्या ओट्यावर बसवलेल्या असतात. पावसाळ्यात नदीचा रंग बदलला, पाण्यावर फेस आणि काटक्या दिसायला लागल्या की सगळे मिळून एका दिवसात सगळ्यांच्या मोटारी वर काढतात. वासा घालायचा, दोर आवळायचा, सहा जणांनी खांद्यावर घ्यायची आणि घाटीनं वर चढायचं. कुणी कुणाला बोलवायला लागत नाही, इर्जिकच असते ती. मामांची मोटार सगळ्यात खाली, म्हणून पहिला नंबर त्यांचा. आणि मामांची मोटार गेल्याच मोसमात बसवलेली, साडेसात एचपीची, रंगसुद्धा उडाला नव्हता.

पण मामांच्या पुढं एक अडचण होती. त्यांचा दसऱ्याच्या बाजाराचा झेंडू. नुकती लावलेली रोपं, आणि मांडवगणात महिनाभर पावसाचा पत्ता नाही. विहिरीनं तळ गाठलेला. नदीची मोटार काढली तर आठ-दहा दिवस पाणी बंद, म्हणजे रोपं वाळणार. नाही काढली आणि नदीला पाणी आलं तर मोटार जाणार. मामा उठून धोतर खोचत होते, पण नजर झेंडूच्या वावराकडं होती.

आणि इथं मी तोंड उघडलं.

मी म्हटलं, "थांबा मामा. काढायची काही गरज नाही."

बघा, एवढं बोलून गप बसलो असतो तरी निभावलं असतं. जावई काहीतरी बोलला म्हणून सोडून दिलं असतं लोकांनी. पण मला कारणमीमांसा देण्याची खोड. पाच मार्कांचं उत्तर मी कधी दोन मार्कांत लिहीत नाही.

मी त्यांना ओसरीपुढं बसवलं. खताचं एक भरलेलं पोतं ओढून मधोमध आडवं टाकलं. म्हटलं, हा सह्याद्री. पोत्याच्या पलीकडं कोकण आणि समुद्र, अलीकडं आपण. मग सकाळी मिळालेला नवा टॉवेल बादलीत बुडवला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हाच काहीतरी येऊन गेलं, पण मला दिसलं नाही.

म्हटलं, हा ओला टॉवेल म्हणजे अरबी समुद्रावरचा वारा. पोटात बाष्प भरून निघतो. कोकणात येतो तर समोर डोंगराची भिंत. बाजूनं निघून जायला वाट नाही, मग करतो काय? वर चढतो. वर गेला की गार पडतो, आणि गार पडला की पोटातलं सगळं तिथंच सोडतो. त्यात किनाऱ्याच्या कडेकडेनं कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. तिकडं बंगालच्या उपसागरातही एक कमी दाब येऊन बसलाय, तो इकडच्या वाऱ्याला ओढतोय. म्हणजे वारा थांबायचं नाव घेत नाही, नुसता डोंगरावर आदळतोय. कोकणात आणि घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस धो धो. कालच रेडिओवर सांगितलंय.

असं म्हणून मी तो टॉवेल पोत्याच्या माथ्यावर कचकन पिळला.

मग पिळलेला टॉवेल अलीकडं आणून आप्पांच्या हातात दिला. म्हटलं, बघा, आता आहे का पाणी? तोच वारा घाट उतरून आपल्याकडं येतो तेव्हा त्याच्याजवळ द्यायला काही उरलेलं नसतं. सगळा खुर्दा वाटेत उडवून आलेल्या पाव्हण्यासारखा रिकाम्या हातानं येतो आणि वर आपल्याच घरात धूळ उडवतो. याला म्हणतात पर्जन्यछाया. शिरूर, दौंड, सगळं त्यात. घाटात जितका जास्त पाऊस, तितका आपल्याकडं कमी. लिहून घ्या माझ्याकडनं, आठवडाभर मांडवगणात थेंब पडणार नाही.

एवढ्यात पोत्यावर पिळलेलं पाणी पोत्याच्या अंगावरून ओघळत, जमिनीवरनं वाहत वाहत अलीकडं आलं आणि आप्पांच्या चपलेला लागलं. आप्पांनी पाय वर घेतला. त्या पाण्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आप्पा, तिकडं लक्ष देऊ नका. मुद्दा ध्यानात घ्या."

आप्पा म्हणाले, "घेतला सर. मुद्दा चांगलाच ध्यानात आला."

तुम्हाला आत्ता हसू येतंय, नाही का? मला तेव्हा अभिमान वाटला होता. आख्ख्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की मुद्दा ध्यानात आला.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मामा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खोचलेलं धोतर सोडलं, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "पाव्हणं म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या आपली. झेंडूला पाणी चालू ठिवतो."

वासा आणि दोर घेऊन मंडळी निघाली. कुणी वाद घालेना, शंका विचारीना. मी सुमनला म्हटलं, "बघ, विषय नीट समजावला तर खेड्यातला माणूस पटकन घेतो."

सुमन म्हणाली, "अहो, तो टॉवेल वाळत घाला आधी. आईनं तो तुम्हाला ओवाळून दिलाय."

दुपारी जरा पाय मोकळे करायला नदीच्या वाटेनं निघालो. बघतो तर समोरून बैलगाडी येतेय आणि गाडीत मोटार. गाडीवान मला बघून एकदम दचकला. मी विचारलं, अरे, काढलीत होय? मी तर सांगितलं होतं.

तो खाली बघत म्हणाला, बेअरिंग वाजतंय सर, शिरूरला दाखवायचीये.

म्हटलं, असं असेल तर ठीक.

पुढं गेलो तर वासा खांद्यावर घेतलेली सहा माणसं, मधे मोटार लोंबतेय. मला बघून ते जागीच थबकले. त्यांच्याही मोटारीचं बेअरिंग वाजत होतं. तिसऱ्याला ग्रीस करायचं होतं. चौथा म्हणाला, रंग द्यायचाय. बबनआप्पांची मोटार तर आधीच त्यांच्या दारात ताडपत्रीखाली जाऊन बसली होती. ते म्हणाले, सर, तिला जरा इसावा दिलाय.

एखादा शहाणा माणूस इथं काय समजला असता? पण मी समजलो की काठावरच्या सगळ्या मोटारी एकाच दिवशी बिघडल्यात, म्हणजे नक्कीच विजेचा दाब कमी-जास्त होतोय. मी त्या वासा घेतलेल्या सहा जणांना तिथं वाटेतच उभं करून, मोटार खांद्यावर असताना, व्होल्टेजवर दहा मिनिटं भाषण दिलं. त्यांनी ते निमूट ऐकलं. एक जण फक्त म्हणाला, सर, खांदा भरून आलाय, जाऊ का?

संध्याकाळी रेडिओ लावला. कोकणात अतिवृष्टी, घाटमाथ्यावर अतिवृष्टी, पुढचे दोन दिवसही तेच. मी आवाज मोठा केला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकू जावा म्हणून. अंगणात उन्हाची तिरीप पडली होती. मी मामांना म्हटलं, बघा मामा, तिकडं कोसळतोय आणि इथं ऊन. अगदी पुस्तकात दिलंय तसं.

मामा म्हणाले, "व्हय. तिकडं लई कोसळतोय."

एवढंच. ते उठले आणि झेंडूकडं गेले. मला वाटलं, आज खुशीत दिसतात.

सोमवारी मला शाळा होती. पहिल्या एसटीनं निघायचं म्हणून लवकर आवरत होतो. आकाश असं निळंभोर, ढगाचा एक ठिपका नाही. मी तोंड धुताना वर बघत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात नदीकडनं कुणीतरी हाक मारली. मामा चप्पल न घालताच चालायला लागले. मी तोंडाला साबण तसाच घेऊन मागं.

काठावर पोचलो आणि बघतच राहिलो. नदी आमच्याकडं वर आली होती. काल जिथनं मोटारी घेऊन माणसं चढली ती घाटी नव्हती. काठावरचं बाभळीचं झाड कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं. तांबडं, घट्ट, लाकडं आणि झुडपं वाहून नेणारं पाणी. आणि त्या सगळ्यावर लख्ख ऊन. सगळ्या काठावर वरचे ओटे रिकामे होते ते बुडत होते, आणि सगळ्यात खाली, कुठंतरी आत, मामांची साडेसातची एकटी होती. लोखंडी पाइपाचं वरचं वळण तेवढं दिसत होतं. माझ्या डोळ्यांदेखत तेही गेलं.

त्या वेळी मी जे वाक्य बोललो ते आजही सगळं मांडवगण मला ऐकवतं. मी म्हणालो, "पण पाऊस तर पडलाच नाही!"

बबनआप्पा शेजारी उभे होते. ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "न्हाई पडला सर. तुमचं अगदी खरं झालं. थेंब न्हाई."

मागनं आणखी दोघं-तिघं म्हणाले, व्हय व्हय, सर म्हणले व्हते तसंच झालं, थेंब न्हाई. सगळे माझा अंदाज बरोबर आला म्हणून माझं कौतुक करत होते. तोंडाला साबण लावून मी ते कौतुक स्वीकारत उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते साबणाचंही असेल.

आता तुम्ही विचाराल, गुरुजी, घाटात पडलेलं पाणी नदीतनं खाली येतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? भीमेचा उगम कुठं होतो हे तुम्हीच ना शिकवता?

शिकवतो की! भीमाशंकरच्या डोंगरात. रिकाम्या जागा भरा, एक गुण. त्या डोंगरावर किती पाऊस पडतो तेही शिकवतो. वरची धरणं भरली की दरवाजे उघडतात, तेही. सगळं ठाऊक होतं. पण पाऊस पहिल्या सत्रात असतो आणि नद्या दिवाळीनंतर. त्या तारखेला मी नदीपर्यंत पोचलोच नव्हतो. मधे सहामाही परीक्षा होती.

त्या दिवशी शाळेत गेलो नाही. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. पूर असं लिहिलं असतं तर मुख्याध्यापकांनी विचारलं असतं, पाऊस कुठं झाला?

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. मधे शाळेसाठी शिरूरला गेलेलो मी परत आलो. मंडळी पुन्हा तोच वासा आणि तोच दोर घेऊन आली. या वेळी मला कुणी कारणमीमांसा विचारली नाही, मीही सांगितली नाही. मी पँट गुडघ्यापर्यंत वळली आणि चिखलात उतरलो. मोटार सापडली, पण ती मोटार आहे हे ओळखायला वेळ लागला. आत-बाहेर सगळा गाळ. सहा जणांत मीही खांदा दिला. दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा आप्पांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाले, सर, तुम्ही दोर धरा नुसता. दोराला भूगोल लागत न्हाई.

मोटार भरायला शिरूरला न्यायची होती. म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. दोन दिवसांनी एक टेम्पो शिरूरच्या बाजाराला निघाला होता, त्यात मागं आम्ही बसलो. मी, मामा आणि आमच्या दोघांच्या मधे ती चिखलाचा गोळा झालेली मोटार. वाटेत मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात एवढा वेळ गप मी फक्त लग्नाच्या बोलणीत बसलो होतो.

खरं सांगू, मला फार लाज वाटत होती. त्या माणसानं माझ्या शब्दावर विसंबून आपली नवी मोटार नदीत ठेवली. तिकडं झेंडू माना टाकायला लागला होता. बबनआप्पा आणि बाकीचे आपापल्या मोटारी बसवून पाळीपाळीनं मामांच्या वावराला पाणी द्यायला लागले होते म्हणून रोपं धरून होती. आणि मामा मला एक शब्द बोलले नव्हते. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, तुम्हाला खरंच वाटलं होतं का, पाणी येणार नाही म्हणून?"

मामा मोटारीवरचा वाळका चिखल नखानं काढत होते. ते म्हणाले, "येणार हे ठावं व्हतं. पाण्याला फेस आला व्हता की."

म्हटलं, "मग का ठेवलीत?"

"तुम्ही चार मानसांत बोलला व्हता, पाव्हणं. त्यात धोंड्याचा म्हैना. दारात बशीवल्याल्या जावयाचा शबूद लोकांम्होरं मोडायचा व्हय? मोटार काय, भरून मिळती."

टेम्पो खड्ड्यातनं जात होता. मोटार माझ्या पायावर आली. मी ती हलवली नाही, माझ्यासारख्याला तेवढं बरोबरच होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "आणि बाकीच्यांची बेअरिंगं?"

मामा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बेअरिंगा सगळ्यांच्या चांगल्या हायत. तुमच्या तोंडावर कसं म्हनायचं, की तुमचं पटलं न्हाई?"

म्हणजे बघा. आख्ख्या काठाला ठाऊक होतं की नदीला पाणी येणार. आठ माणसं एका मूर्खाचा मान राखण्यासाठी एका दुपारी आठ खोटी कारणं शोधत होती, आणि तो मूर्ख त्यांना व्होल्टेज शिकवत होता. बाकीच्यांना खोटं बोलून सुटता आलं. मामांना सुटता आलं नाही, कारण मी त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो.

मोटार भरून आली. चालली. झेंडूही वाचला, दसऱ्याला बाजारात गेला. सुमननं मला फक्त एवढंच सांगितलं, की यापुढं सासुरवाडीला जाताना भूगोल शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा आणि किल्ली तिच्याकडं द्यायची. मी कबूल केलं. मी आता मांडवगणला गेलो की हवेवर बोलत नाही. कुणी म्हणालं, आज उकडतंय, तर मी म्हणतो, असेल बुवा.

पण मामांना कोण समजावणार? पुढच्या वर्षी धोंडा नव्हता, पण पावसाळ्यात एकदा गेलो होतो. सकाळी ओसरीवर चहा घेतोय तर तीच आठ माणसं अंगणात. बबनआप्पा पुढं. कुणाच्या हातात वासा नाही, दोर नाही. सगळे ओळीनं बसले. मामांनी घसा साफ केला आणि चार माणसांत मला विचारलं, "काय म्हणतोय तुमचा भूगोल, पाव्हणं? औंदा मोटार काढावी का ऱ्हाऊ द्यावी?"

आता पुन्हा? मी मान वळवली तर गोठ्याच्या कोपऱ्यात मामांची साडेसातची बसलेली. स्वच्छ धुतलेली, ग्रीस केलेली, दोर गुंडाळून शेजारी ठेवलेला. कालच वर आली असणार.

मी ओळीकडं बघितलं. आठच्या आठ चेहरे गंभीर. एकाचाही ओठ हलत नव्हता. मामा अगदी अदबीनं माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी आकाशाकडं बघितलं, जरा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "काढावी मामा. घाटात जोर दिसतोय."

आप्पा बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? सर म्हणत्यात काढावी."

सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले. तेव्हापासून मांडवगणच्या त्या काठाला पद्धतच पडलीये. आधी मोटारी काढायच्या, मग जावयाला विचारायचं.